एल-वनमधून (आयटी सपोर्टच्या पहिल्या फळीतून) लोक पळतात ते पगारामुळे की कामाच्या रचनेमुळे?

तिकीटमास्तर:
सपोर्ट प्रोजेक्टमधून माणसं गळू लागली की दोनच औषधं निघतात: थोडी पगारवाढ, नाहीतर 'रोटेशन', म्हणजे कामं आलटून-पालटून देणं. दुखणं रचनेत आहे. एल-वनवाला रनबुकच्या (लिहून ठेवलेल्या कृतीच्या) पायऱ्या करतो, नाही सुटलं तर तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, एल-टूकडे (वरच्या तज्ज्ञ फळीकडे) ढकलतो. पुढे त्याचं काय झालं, त्याला कधी कळतच नाही.

काम माणसाला किती प्रेरणा देतं हे मोजणारं, हॅकमन-ओल्डहॅम या अभ्यासकांचं १९७६ चं सूत्र लावा: विविधता, कामाची पूर्णता आणि महत्त्व यांची सरासरी × स्वायत्तता × फीडबॅक. प्रत्येकाला १ ते ७ गुण. समजा एल-वनला अनुक्रमे २, १, ६, २, २ मिळाले, एकूण १२. रोटेशनने विविधता ५ केली तरी १६. स्वायत्तता नुसती ४ केली तर थेट २४!

ऑडिटवाला:
स्वायत्तता म्हणजे काय, प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातल्या) डेटाबेसचा पासवर्ड वाटायचा? बदल करणारा आणि मंजूर करणारा वेगळा हवा, ऑडिटमध्ये पहिलं तेच बघतात. आणि गुणाकाराचं एवढं कौतुक नको. १९८७ साली फ्राइड आणि फेरिस यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात गुणाकारापेक्षा पाच गुणांची साधी बेरीज सरस ठरली. बेरजेने तुमचं रोटेशन ३ गुण वाढवतं, स्वायत्तता २.

तिकीटमास्तर:
पासवर्ड मागितला कुणी? अडकलेला जॉब पुन्हा चालवणं, सर्व्हिस रीस्टार्ट, अकाउंट अनलॉक, एवढ्यांच्या स्क्रिप्ट 'स्टँडर्ड चेंज' (दर वेळी वेगळी मंजुरी न लागणारा ठरीव बदल) म्हणून आधीच मंजूर करून घ्या. बटण एल-वनकडे, लॉग आपोआप. आणि एल-टूने मूळ कारण लिहिल्याशिवाय तिकीट बंदच होऊ नये. ती नोंद पहिल्या माणसाला मेलने जावी.

रात्रपाळी:
दोघंही रात्र विसरलात. गूगलच्या २०१६ च्या एसआरई (सिस्टीम अखंड चालू ठेवण्याच्या कामावरच्या) पुस्तकात १२ तासांच्या पाळीला जास्तीत जास्त २ घटना आणि एका ठिकाणच्या टीमला किमान ८ जण सांगितलेत. प्रायमरी-सेकंडरी, म्हणजे एका वेळी दोघं, धरून ८ जणांत महिन्यातला एक आठवडा ऑनकॉल (बोलावलं की हजर राहायची पाळी) येतो, ४ जणांत दोन. क्लायंटकडून बिलिंग मात्र चौघांचंच मंजूर असतं. झोप मोडलेल्या माणसाला बटण देऊन काय होणार?

शिवाय अ‍ॅट्रिशन (नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण) कमी म्हणून बांधिलकी आहे असं समजू नका. मेयर आणि अ‍ॅलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये तिचे तीन प्रकार सांगितले: मनापासूनची, कर्तव्याची आणि नाइलाजाची. ९० दिवसांचा नोटीस पीरियड तिसरीच वाढवतो.

ऑडिटवाला:
रात्रपाळींशी सहमत. मास्तर, तुमची स्क्रिप्टही चालेल, पण प्रत्येक तिकिटाला मूळ कारणाची सक्ती नको. एसएलएचं (क्लायंटला कबूल केलेल्या मुदतीचं) घड्याळ चालू असताना एल-टूवाला 'इश्यू रिझॉल्व्ड' खरडून मोकळा होणार. महिन्यात तीनदा आलेल्या तक्रारीलाच मूळ कारण शोधायला वेगळं प्रॉब्लेम तिकीट उघडा, त्याला एसएलए ठेवू नका आणि तपासात एल-वनचा एक जण घ्या. त्याचे तास कुणाच्या बिलात टाकायचे, ते आधी क्लायंटकडून लिहून घ्या.