फीबी हा शनीचा उपग्रह सहा इंची दुर्बिणीतून दिसेल का?

गुहागरहून: पावसाळा सरला की आम्ही येथील किनाऱ्यावर शाळेतील मुलांना सहा इंची दुर्बिणीतून शनी दाखवतो. फीबी शनीच्या मोठ्या उपग्रहांच्या उलट दिशेने फिरतो, असे वाचल्यापासून मुलांना तो पाहायचा आहे. तो दिसू शकेल का आणि त्याची दिशा उलटी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मालवणहून: तो दिसणार नाही. त्याची दृश्यप्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद) सुमारे १६.५ आहे आणि आपल्या काळोख्या किनाऱ्यावरही सहा इंची दुर्बीण १३ च्या आसपास थांबते. विल्यम पिकरिंग यांनाही तो १८९९ मध्ये सापडला तो पेरूमधील आरेकिपा येथे आदल्या वर्षी घेतलेल्या छायाचित्रांत.

शनीभोवतीच्या वायू आणि धुळीच्या चकतीतून जन्मलेले उपग्रह शनीच्या परिवलनाच्याच दिशेने फिरतात. फीबी मात्र सुमारे १ कोटी ३० लाख किलोमीटर अंतरावरून, कललेल्या कक्षेत, साधारण ५५० दिवसांत उलटी प्रदक्षिणा पूर्ण करतो. त्यामुळे तो सूर्यमालेच्या बाहेरच्या थंड भागात तयार होऊन नंतर शनीच्या गुरुत्वाकर्षणात अडकला असावा, असे मानले जाते. कॅसिनी यानाने ११ जून २००४ रोजी जवळून टिपलेला, जेमतेम २१३ किलोमीटर व्यासाचा हा काळा, विवरांनी भरलेला गोळा मुलांना छायाचित्रांत जरूर दाखवावा.

दापोलीहून: फीबी दिसत नसला तरी त्याच्या धुळीचा परिणाम तुमच्या दुर्बिणीतून दिसतो, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. फीबीवरून उडालेल्या धुळीचे विरळ, प्रचंड कडे स्पिट्झर दुर्बिणीला २००९ मध्ये अवरक्त प्रकाशात आढळले. ही धूळ उलट दिशेने फिरत आत सरकते आणि समोरून येणाऱ्या आयापेटस या उपग्रहाच्या पुढच्या बाजूवर आदळते. काळवंडलेली बाजू ऊन अधिक शोषते, तेथील बर्फाची वाफ होऊन ती थंड, उजळ बाजूवर गोठते आणि दोन्ही बाजूंतील फरक वाढत जातो. म्हणूनच ७९ दिवसांच्या फेरीत आयापेटस शनीच्या पश्चिमेला, उजळ बाजू आपल्याकडे असताना १० व्या प्रतीचा, तर पूर्वेला, काळी बाजू आपल्याकडे असताना जवळजवळ १२ व्या प्रतीचा दिसतो.

गुहागरहून: मनःपूर्वक आभार. आयापेटस ओळखावा कसा?

दापोलीहून: सुरुवात तो पश्चिमेला असताना करावी. त्या वेळी तो टायटन या शनीच्या सर्वांत मोठ्या उपग्रहाच्या कमाल अंतराच्या जवळजवळ तिप्पट दूर असतो, त्यामुळे कमी वर्धनाची नेत्रिका लावावी. मुलांना शनीभोवतीचे सर्व ठिपके कागदावर काढू द्यावेत आणि तीन-चार रात्रींनी पुन्हा काढायला सांगावे. तारे मागे राहतील, आयापेटस शनीबरोबर पुढे सरकलेला असेल.