पॅन निष्क्रिय, आधारवर नाव आणि जन्मतारीख दोन्ही वेगळी. आधी काय दुरुस्त करायचं?

पंचगंगा:
आईचं वय ६८. नोकरीत माहेरचंच नाव होतं, त्यामुळे पॅन त्या नावानं आणि जन्मतारीख १२/०६/१९५७. आधारवर सासरचं नाव आणि जन्मतारीख ०१/०१/१९५७. बँक खातं, एफडी सगळं सासरच्या नावानं. पॅन आधारशी लिंक केलेलं नाही. २०२५-२६ मध्ये एफडीवर १,४०,००० रुपये व्याज झालं, १५एच (कर लागू होत नाही असं ज्येष्ठांनी बँकेला द्यायचं घोषणापत्र) दिलेला असूनही बँकेनं २८,००० रुपये टीडीएस (व्याज देतानाच कापलेला कर) कापला. पेन्शन नाही, दुसरं उत्पन्न नाही. पॅन बदलायचं की आधार? आणि कापलेले पैसे परत मिळतील का?

हिशेबनीस:
लिंक करताना तीन गोष्टी ताडून पाहतात: नाव, जन्मतारीख, लिंग. नावात किरकोळ फरक असेल (स्पेलिंग वगैरे) तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि काम होतं. नाव पूर्ण वेगळं असेल तर विनंती फेटाळली जाते. जन्मतारीख आणि लिंग मात्र तंतोतंत जुळावंच लागतं, तिथे ओटीपीनं भागत नाही. फॉर्मवर 'आधारवर फक्त जन्मवर्ष आहे' अशी एक चौकट असते. तुमच्या आईच्या आधारवर पूर्ण तारीख छापलेली आहे, तेव्हा ती चौकट तुमच्यासाठी नाही.

उशिराची फी १,००० रुपये, कलम २३४एच खाली. आयकर पोर्टलवर लॉगिन न करता 'ई-पे टॅक्स' मधून भरता येते. पॅन आणि मोबाइल टाकून ओटीपी द्यायचा, 'इन्कम टॅक्स'ची चौकट निवडायची, मग पेमेंटचा प्रकार 'अदर रिसीट्स (५००)' आणि उपप्रकार 'फी फॉर डिले इन लिंकिंग पॅन विथ आधार'. बरोबर निवडलं की रक्कम आपोआप भरून येते. आली नाही तर पुढे जाऊ नका, काहीतरी चुकीचं निवडलेलं आहे. बरेच जण १०० किंवा ३०० मायनर हेडखाली (म्हणजे पेमेंटच्या प्रकाराचा कोड) भरतात. ते पैसे आगाऊ कर किंवा स्वयंनिर्धारण कर म्हणून जमा होतात आणि रिटर्नमध्ये वजा मागता येतात, पण फी भरल्याचं धरत नाहीत. मग पुन्हा हजार.

फी भरून लिंक फेटाळली गेली तरी चलन वाया जात नाही. दुरुस्तीनंतर विनंती नव्यानं टाकताना तेच चलन चालतं.

नेटसेवा:
सोपा मार्ग सांगतो. पॅन दुरुस्तीत आधार हाच ओळख, पत्ता आणि जन्मतारीख तिन्हींचा पुरावा म्हणून चालतो. पॅनवर नाव आणि तारीख दोन्ही आधारप्रमाणे करून घ्या, एकाच अर्जात काम होईल.

दाखला:
नावापुरतं बरोबर आहे, जन्मतारखेला माझा ठाम विरोध. खरी तारीख १२ जून असेल तर चूक आधारवर आहे. नोंदणीच्या वेळी कागद दाखवला नाही की फक्त वर्ष सांगून १ जानेवारी पडायची, अशी आधारकार्डं गावोगाव आहेत. पॅनवरची खरी तारीख खोटी करून ठेवलीत तर उद्या पीएफ, विमा, पासपोर्ट सगळीकडे उलटा प्रश्न येईल. ईपीएफओनं (पीएफ सांभाळणारी संघटना) जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अपघात भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला.

म्हणून पॅनवर फक्त नाव बदला. विवाह नोंदणीचा दाखला, नवऱ्याचं नाव असलेला पासपोर्ट किंवा राजपत्रातली नोंद, यांपैकी एक जोडा. जन्मतारीख आधार सेवा केंद्रात जाऊन आधारवर दुरुस्त करा. लोकसंख्याविषयक (नाव, जन्मतारीख वगैरे) बदलाची फी ७५ रुपये. इथे एक मेख आहे: पुराव्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळायला हवं. दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं असल्यानं ते नाकारलं जाण्याची शक्यताच जास्त. सासरच्या नावाचा पासपोर्ट असेल तर तोच न्या. शिवाय जन्मतारीख आधारवर एकदाच बदलता येते. पावती हातात आली की केंद्रातून उठण्यापूर्वी तारीख अंक-अंक वाचून घ्या.

तिमाही:
आता पैशांचं. नियम ११४एएए प्रमाणे पॅन निष्क्रिय म्हणजे पॅन दिलंच नाही असं धरून कापणी होते. म्हणून कलम २०६एए चा २०% दर लागला. ज्येष्ठांना १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १ लाखापर्यंतच्या व्याजावर टीडीएस नाही. व्याज त्यावर गेलं तरी १५एच नं कापणी थांबली असती, पण वैध पॅनशिवाय १५एच बाद ठरतो. बँकेचं इथे काही चुकलेलं नाही, तिच्याशी भांडून उपयोग नाही. कापलेली रक्कम सरकारजमा झाली की बँक ती परत देऊ शकत नाही.

परतावा रिटर्नमधूनच मिळेल. आधी फॉर्म २६एएस मध्ये (पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) २८,००० दिसतात का ते पाहा. पॅन निष्क्रिय असलं तरी रिटर्न भरता येतं, अडतो तो फक्त रिफंड. लिंक नसल्यानं आधार ओटीपीनं रिटर्न ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) होणार नाही. नेटबँकिंगनं करा, नाहीतर आयटीआर-व्ही (रिटर्नची पोचपावती) सही करून बेंगळुरूच्या सीपीसीला (आयकर खात्याचं प्रक्रिया केंद्र) ३० दिवसांत पोचवा. मुदत ३१ जुलै २०२६, उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. त्यानंतरच्या अपडेटेड रिटर्नमध्ये रिफंड मागता येत नाही, मग विलंब माफीचा वेगळा अर्ज करत बसावं लागतं. तेव्हा कागदांची वाट पाहून रिटर्न थांबवू नका.

लिंक झाल्यावर पॅन ३० दिवसांच्या आत सक्रिय होतं. निष्क्रिय काळाचं रिफंडवरचं व्याज मिळत नाही. आणि पॅनवरचं नाव बदललं की पोर्टलवर बँक खातं पुन्हा प्रीव्हॅलिडेट करा (रिफंडसाठी खातं आधी पडताळून घ्या). खात्यावरचं आणि पॅनवरचं नाव जुळलं नाही तर मंजूर झालेला रिफंडही परत जातो.

पंचगंगा:
पासपोर्ट सासरच्या नावाचा आहे, त्यावर १२ जून आहे. म्हणजे आधारची दुरुस्ती त्यावर होईल. आजी ८३ वर्षांची आहे, तिला लिंक लागू नाही ना?

हिशेबनीस:
आजींकडे आधार आहे का, त्यावर ठरतं. २०१७ ची अधिसूचना ३७ नीट वाचा: सूट आहे ती आधार किंवा नोंदणी क्रमांक नसलेल्या व्यक्तीला, आणि ती ८० वर्षांची किंवा त्याहून मोठी, अनिवासी, परदेशी नागरिक किंवा आसाम, मेघालय, जम्मू-काश्मीरची रहिवासी असेल तर. आधार काढलेलं असेल तर वयाच्या जोरावर गृहीत धरू नका, पोर्टलवर 'लिंक आधार स्टेटस' मध्ये पॅन आणि आधार टाकून बघा. आधार दुरुस्तीसाठी जावं लागलं आणि बोटांचे ठसे झिजले असतील तर डोळ्यांच्या बुबुळांवरून पडताळणी होते का, ते केंद्रावर जाण्याआधी फोनवर विचारा.