प्रतिसाद: जनुक, करडईचं तेल आणि सीआरपी

प्रश्न असा की पंधरा वर्षांच्या मुलाचा सीआरपी (शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) थोडा जास्त आला, तर दोष जनुकांचा की घरातल्या करडई तेलाचा. दोन्ही एकत्र पाहावं लागतं.

स्निग्धाम्लांवर काम करणारं एन्झाइम बनवणाऱ्या एफएडीएस२ या जनुकात २२ डीएनए-अक्षरांचा एक तुकडा काहींत असतो, काहींत नसतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुण्यातल्या बहुतांश शाकाहारी २३४ जणांपैकी ६८ टक्क्यांत तो दोन्ही प्रतींत सापडला. अमेरिकनांत फक्त १८ टक्के. हा तुकडा असला की लिनोलिक आम्लापासून (तेलातलं ओमेगा-६) अ‍ॅराकिडोनिक आम्ल जोमानं बनतं, आणि त्यातूनच दाह वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन तयार होतात. पारंपरिक करडई तेलात लिनोलिक सुमारे ७५ टक्के, ओमेगा-३ जवळपास शून्य. लिनोलिक आणि ओमेगा-३ या दोघांना पुढे बदलायला एन्झाइम तेच लागतं, म्हणून दोघांचं एकमेकांशी प्रमाण महत्त्वाचं.

तेल बंद करू नका, जवस वाढवा. रोज एक मोठा चमचा (७ ग्रॅम) जवसाच्या कुटात सुमारे १.६ ग्रॅम एएलए (वनस्पतींतलं ओमेगा-३) मिळतं. १४ ते १८ वयाच्या मुलांना तेवढंच लागतं, मुलींना १.१. अख्खं जवस न पचता बाहेर पडतं. कूट आठवड्यापुरताच करा, कडवट वास आला तर टाका. मासे चालत असतील तर बांगडा, तारली उत्तम.

सर्दी-तापानंतर दोन आठवडे सीआरपी तपासू नका. आणि पोटाचा घेर मोजाच: तिथली चरबी आयएल-६ हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन सोडते, त्यानं यकृत सीआरपी वाढवतं. बहुतेक मुलांत तेलापेक्षा हेच कारण मोठं असतं.