मदत हवी आहे: कोंबडीच्या पायात चेता (नर्व्ह, संदेश नेणारी) कुठली आणि स्नायुरज्जू (टेंडन, स्नायू हाडाला जोडणारी दोरी) कुठला?

नमस्कार मंडळी. भाची नववीत आहे. पेशी, ऊती, अवयव अशी उतरंड तिला तोंडपाठ आहे, पण सगळं मिळून काम कसं करतं म्हटलं की गाडी अडते. वनस्पतींचं जमलं. तेरड्याची फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवली, काही तासांत खोडातून लाल रेघा वर चढलेल्या दिसल्या. पाणी वाहणाऱ्या त्या पेशी मेलेल्या आणि पोकळ असतात, हे तिला भलतंच आवडलं.

घोडं अडलंय प्राण्यांपाशी. चिकनवाल्याकडून पंजा आणला. कापलेल्या टोकाशी दिसणारा पांढरा स्नायुरज्जू चिमट्याने ओढला की बोटं मुडपतात. (घरात किंचाळ्या झाल्या, असो.) पण ओढणारा स्नायू तर वर तंगडीतच राहिला! स्नायू, हाड, रक्तवाहिनी, चेता एकत्र दिसावं म्हणून पंजासकट अख्खा पाय आणला, तर सोलायला सुरुवात कुठून करू? चेता आणि स्नायुरज्जू दोन्ही पांढरेच, ओळखायचे कसे? हाताशी फक्त भिंग आणि ब्लेड आहे.

शाकाहारी घरात चालेल असं काही कुणी केलं असेल तर तेही सांगा. तिच्या मैत्रिणीही येणार आहेत.