फिरत्या वेल्डिंगच्या कामासाठी छोटा बेंच व्हाइस कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

वाळवा तालुक्यात माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गळीत हंगाम सुरू झाला की निम्मं काम उसाच्या फडात नाहीतर कारखान्याच्या रस्त्यावर. ट्रॉलीचा हूक झिजलेला असतो, फाळक्याची बिजागरी तुटलेली असते. इन्व्हर्टर मशीन, जनरेटर, ग्राइंडर आणि ६०१३ रॉडची पाकिटं छोटा हत्तीत टाकून निघतो. अडतं ते जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, धरण्यापाशी.

वर्कशॉपातला ६ इंची (जबड्याची रुंदी) व्हाइस, म्हणजे जॉब आवळून धरायचा शिकंजा, टेबलाला बोल्टने जाम केलेला आहे, तो हलवता येत नाही. साइटवर सी-क्लॅम्प आणि लॉकिंग प्लायरवर भागवतो. टॅक (वेल्डिंगचा छोटा तात्पुरता टाका) मारायला तेवढं पुरतं. पण ४० × ६ मिमीची वाकलेली पट्टी ठोकून सरळ करायची, पिन ग्राइंडरने उतरवायची किंवा गंजलेला नट सोडवायचा म्हटलं, की कुणाला तरी पायाने जॉब दाबून उभं राहावं लागतं. चकती फिरत असताना पोराचा पाय तिथं असणं मला अजिबात मान्य नाही. ते यंदा बंदच करायचंय.

दुकानात फळीला खालून आवळायचा छोटा व्हाइस दाखवतात. हलका आहे, पण हातोड्याचा घाव सोसेल असं वाटत नाही. साधा ४ इंची कास्टचा आठ-नऊ किलो भरतो, गाडीत असल्याने त्याचं काही नाही. मग ३ इंची घ्यावा की ४? फिरता बेस कामाचा असतो का? आणि मुख्य म्हणजे शेतात तो बसवायचा कशावर?

प्रतिसाद:

दादा, ४ इंचीच घ्या, आणि फिक्स बेसचा. फिरत्या बेसचे बोल्ट ठोकाठोकीत सैल होतात आणि घाव घातला की व्हाइस वळतो. साधं कास्ट आयर्न ठिसूळ असतं, मोठ्या घावाला तडकतं, आणि साइटवर त्याला वेल्डिंग करून टिकाऊ जोड मिळत नाही. एसजी आयर्नचा (कमी ठिसूळ, चिवट ओतीव लोखंडाचा) किंवा फोर्ज्ड स्टीलचा मिळाला तर जास्त पैसे द्यायला कचरू नका. दुकानातच जबडा बराचसा उघडा आणि पुढचा भाग हलवून बघा. खडखडला तर तो तिथंच ठेवा. जबड्याच्या पट्ट्या स्क्रूने बदलता येणाऱ्या हव्यात.

बसवायचं म्हणाल तर तिवई नको. उंचसखल जमिनीवर ती डगमगत नाही हे खरं, पण पाना ओढला की कलंडते. १० मिमी जाडीची ३०० × ८०० ची प्लेट घ्या, वजन १८-१९ किलो होईल. एका टोकाला चौकोनी पाइप उभा वेल्ड करून खाली गसेट (आधाराची त्रिकोणी पट्टी) द्या, वर व्हाइसची प्लेट. दुसऱ्या टोकावर गाडीचं मागचं चाक चढवा, हँडब्रेक ओढा. मग गाडीचं वजनच तुमचा व्हाइस धरून ठेवतं. जबड्याची वरची कड कोपराच्या उंचीला ठेवा, कानशीला नीट जोर लागतो.

अर्थिंगचा क्लॅम्प मात्र नेहमी जॉबलाच लावा, व्हाइसला नको. करंट स्क्रूच्या आट्यांतून गेला की तिथं ठिणग्या पडून आटे खातात. वेल्डिंग करताना स्क्रूवर पत्र्याचा तुकडा झाका, उडालेले थेंब आट्यांत बसले की दांडा फिरता फिरत नाही. लालबुंद जॉब जबड्यात फार वेळ ठेवू नका, पट्ट्यांचं पाणी (कडकपणा) उतरतं. ठोकताना घाव मागच्या, न हलणाऱ्या जबड्याच्या दिशेने पडू द्या.

धागाकर्ता:

चाकाखालची प्लेट डोक्यात आली नव्हती, मनापासून आभार! प्लेटचा कटपीस पडलेलाच आहे, उद्या पाइप जोडायला घेतो. आता एकच सांगा: कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात एसजीमधला ४ इंची तयार मिळेल का, की मागवावाच लागेल? कुणी अलीकडे घेतला असेल तर भावही सांगा.