डावणीवरचं संशोधन बागायतदारांसमोर कसं मांडू?

गंगापूररोडची_पीएचडी

नमस्कार मंडळी. मी वनस्पतिशास्त्रात पीएचडी करतेय. विषय द्राक्षावरचा डावणी: रात्री पान किती वेळ ओलं राहिलं की रोग धरतो. गोडी छाटणीच्या (ऑक्टोबरच्या सुमाराची, फळासाठीची छाटणी) आधी निफाड तालुक्यातल्या एका गावात बागायतदारांचा मेळावा आहे, तिथे मला वीस मिनिटं दिली आहेत. सर म्हणतात, आलेख आणि आकडेवारी सोडू नकोस. काल मामांना समोर बसवून तालीम केली (त्यांची स्वतःची बाग आहे). तिसऱ्या स्लाइडला मामांनी मोबाइल काढला आणि लासलगावचे कांद्याचे भाव बघायला लागले. फार सोपं केलं तर सर नाराज, नाही केलं तर मंडपभर मोबाइल. काय करू?

सातपूरकर

स्लाइड विसरा. दुपारच्या मंडपात स्क्रीनवर काही दिसत नाही, आणि लाइट गेली की वक्ता उघडा पडतो.

बागवाला_पिंपळगाव

मी खुर्चीतल्या माणसाच्या बाजूने लिहितो. अर्धं आयुष्य चर्चासत्रांत गेलं, घरात कंपन्यांच्या टोप्यांचा ढीग आहे.

ताई, आम्हाला विज्ञानाचा कंटाळा नाही. पोंग्यापासून (डोळा फुटतो तेव्हापासून) फुलोऱ्यापर्यंत आम्ही हवामान बघतो तेवढं कोणी पंचांगही बघत नसेल. कंटाळा येतो तो प्रस्तावना, उद्दिष्टं, पद्धती या क्रमाचा. आमच्या डोक्यात प्रश्न एकच असतो: रात्री पाऊस झाला, सकाळी फवारणीला ट्रॅक्टर काढायचा की नाही? पहिलं वाक्य त्यावर बोला. तुमचं उत्तर आधी, ते कशावरून म्हणता ते मागाहून. पद्धत आम्ही स्वतः विचारू, आणि चांगली खोदून विचारू.

दुसरं, हातात काहीतरी द्या. आदल्या संध्याकाळी तेलकट डाग पडलेली पानं तोडा. काही प्लास्टिकच्या पिशवीत घाला, थोडं पाणी शिंपडा, तोंड बांधून रात्रभर अंधारात ठेवा. काही बाहेर कोरडी राहू द्या. सकाळी पिशवीतली पानं उलटी करा, डागाच्या बरोबर मागे पांढरी लव आलेली दिसेल. दोन्ही प्रकारची पानं आणि एखादं भिंग खुर्च्यांतून फिरवा. डावणी आम्ही रोज बघतो, पण एका रात्रीत ओलीने काय केलं हे असं शेजारी-शेजारी ठेवून कोणी दाखवत नाही.

पानं फिरत असतानाच सांगा की या लवेतल्या बीजाणूंतून जे निघतं त्याला दोन शेपट्या असतात, ते पाण्यात पोहतं आणि पानाच्या मागच्या रंध्रातून आत शिरतं. पानावर पाणीच नसेल तर पोहणार कुठे? तुमचा अख्खा प्रबंध इथे आला.

मागच्या रांगेतला एकजण हमखास विचारेल, गंधकाने भुरी (वेलीवरचा दुसरा, पांढऱ्या भुकटीसारखा रोग) आटोक्यात येते, मग डावणी का नाही? हा प्रश्न म्हणजे सोनं. डावणीचा जीव खऱ्या बुरशीत मोडतच नाही, तो शेवाळांच्या जवळचा, हे तिथे सांगा. स्लाइडवर सांगितलं असतं तर झोप आली असती.

शेरोशायरी नको, आणि शेतकरी राजा वगैरे तर अजिबात नको. गोष्ट हवीच असेल तर बोर्डो मिश्रणाची सांगा. आम्ही दर पावसाळ्यात मोरचूद-चुना कालवतो, पण ते सापडलं कसं हे निम्म्यांना ठाऊक नाही. फ्रान्सात बोर्डोकडचे बागवाले रस्त्याकडेच्या वेलींवर हे मिश्रण मारायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी घड चोरू नयेत म्हणून. 1882 मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की आतल्या वेली डावणीने गेल्या आणि रस्त्याकडेच्या हिरव्या आहेत. 1885 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. चोरांसाठीचं औषध डावणीला लागू पडलं! मंडप हसेल, आणि नीट बघणं म्हणजे काय तेही पोचेल.

ओझरचा_संशोधक

पिशवीची कल्पना झकास. पण "इतका वेळ ओलं राहिलं नाही तर फवारू नका" हे वाक्य संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरेल, तुमच्या नावाने, अटी गाळून. कोणाची बाग गेली तर ताईंना धरतील. आकडा सांगूच नये असं माझं मत.

बागवाला_पिंपळगाव

आकडा नाही सांगितला तर दुकानदार सांगेल, तोही बाटली विकायला. त्यापेक्षा आकड्याला तिथेच खुंटा मारा: किती बागांत मोजलं, कोणती जात, काळी जमीन की मुरमाड, किती हंगाम, आणि कुठल्या बागेत अंदाज चुकला. तो चुकलेला प्लॉट लपवू नका. आमच्याकडे ज्याचं औषध कधीच फेल जात नाही त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. एकच आलेख ठेवा, कापडावर मोठा रंगवून घ्या, सरही खूश. आणि "फवारू नका" म्हणूच नका. "फवारण्याआधी हे बघा" म्हणा.

गंगापूररोडची_पीएचडी

खूप आभार, काका. चुकलेला प्लॉट माझ्याकडे आहे, ओढ्याकाठची बाग, तिथे सकाळी धुकं उशिरापर्यंत हटत नव्हतं. तो मी परिशिष्टात टाकला होता, आता पुढे आणते. एक शंका, छाटणीआधी डाग पडलेली पानं मिळतील ना?

बागवाला_पिंपळगाव

पावसाळी फुटीवर, शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर बघा, मिळतील. मात्र ताजी फवारणी झालेल्या बागेतली घेऊ नका, नाहीतर पिशवीत काहीच उगवायचं नाही आणि भर मंडपात फजिती होईल. आदल्या दिवशी मामांना घेऊन या आमच्याकडे, कडेच्या दोन ओळी तुमच्यासाठी न फवारता ठेवतो.