लाँचच्या आधी हवा करावी की गप्प बसावं?

टाकदौत

हार्डवेअरच्या धंद्यातल्या मंडळींना प्रश्न. उत्पादन आहे ई-इंक (शाईचे कण सरकवून अक्षर उमटवणाऱ्या) पडद्याची, पेनने लिहायची डिजिटल वही. ब्लूटूथ, वायफाय, लिथियम-पॉलिमर बॅटरी. ईव्हीटीचे (रचना चालते का हे बघणाऱ्या पहिल्या फेरीचे) नमुने चालतात, डीव्हीटी (खऱ्या साच्यातल्या वस्तूची पक्की तपासणी) व्हायची आहे, प्लास्टिकच्या साच्यांची ऑर्डर अजून गेलेली नाही.

मार्केटिंगवाले म्हणतात की आत्ता टीझर, दोन महिन्यांनी घोषणा आणि लगेच प्री-ऑर्डर, सहा महिन्यांनी विक्री. इंजिनिअर म्हणतात, माल गोदामात येईपर्यंत तोंड उघडू नका. एक बाजू आयफोनचं नाव घेते, दुसरी सेगवेचं, आणि मीटिंग तिथेच अडते.

१) आधीची हवा विक्रीला मदत करते की नुकसानच जास्त?
२) करायचीच तर कुठल्या टप्प्याला काय बोलावं?
३) प्री-ऑर्डरला पूर्ण पैसे घ्यावेत की टोकन?

साचेकार

दोन्ही उदाहरणं योग्यच आहेत, पण दोन्हीकडून अर्धवट सांगितली जातात.

सेगवेची हवा जानेवारी २००१ मध्ये झाली ती एका पुस्तकाच्या प्रस्तावाची बातमी फुटल्यामुळे. नाव नुसतं 'जिंजर' किंवा 'इट', वस्तू काय हे कुणालाच माहीत नाही. मग ज्याने त्याने आपापल्या मनातली वस्तू तिथे बसवली. कुणी उडतं यंत्र म्हणालं, कुणी हायड्रोजनवर चालणारं वाहन. ३ डिसेंबर २००१ ला समोर आली ती तोल सांभाळणारी दुचाकी, किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास. तिचे जनक डीन केमन यांनी आठवड्याला दहा हजार यंत्रांची भाषा केली होती. सप्टेंबर २००६ मध्ये रिकॉल (दोषामुळे माल परत बोलावणं) निघाला तेव्हा कळलं की तोवर सगळी मिळून सुमारे २३,५०० विकली गेली होती. तोल सांभाळण्याचं तंत्र उत्तम होतं, पण लोकांनी कल्पनेत जे विकत घेतलं होतं ते हे नव्हतं.

आयफोन ९ जानेवारी २००७ ला दाखवला, विक्री २९ जूनला. म्हणजे साडेपाच महिने आधी. तरी निभावलं, कारण मंचावर वस्तू दिसत होती, सांगितलेली वेळ 'जून' एवढीच ढोबळ होती, आणि आकडे बदलले तेही वरच्या दिशेने. जानेवारीत बोलण्याचा वेळ ५ तास सांगितला होता, १८ जूनला तो ८ तास असल्याचं जाहीर झालं आणि पडदा प्लास्टिकऐवजी काचेचा झाला. शिवाय सरकारी मंजुरीच्या अर्जातून फोनची बातमी फुटणारच होती, त्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी, हा हिशोब होता.

माझं मत: हवेने वस्तू मरत नाही. अंगाशी येतात त्या दोनच गोष्टी, तारीख आणि आकडा. काय बनवतोय हे खुशाल बोला. कधी आणि किती हे मोजून झाल्याशिवाय बोलू नका.

आता तुमच्या वहीबद्दल. साच्यांची ऑर्डर गेलेली नसताना सहा महिन्यांनी विक्री, हे गणितच जुळत नाही. स्टीलचा साचा होऊन पहिले नमुने, म्हणजे टी-१, हातात यायला साधारण ६ ते १० आठवडे. टी-१ क्वचितच पास होतो. स्क्रूच्या बॉसमागे (स्क्रू बसतो त्या खांबामागे) खड्डे दिसतात, कडेला फ्लॅश (जास्तीच्या प्लास्टिकची पातळ कड) येतो, आणि तुमच्यासारख्या पातळ सपाट पाठीला वॉर्पेज, म्हणजे वाकणं, हमखास. वही टेबलावर ठेवली की डुगडुगते, आणि लिहिण्याच्या वस्तूत तो दोष लपत नाही. प्रत्येक दुरुस्तीला आणखी दोन-तीन आठवडे. टेक्स्चर सगळ्यात शेवटी, कारण टेक्स्चर केलेल्या साच्यात धातू कापायला गेलात की टेक्स्चर पुन्हा करावं लागतं. त्यानंतर डीव्हीटीच्या टेस्ट, मग पीव्हीटी, म्हणजे कारखान्याच्या लाइनवरचं चाचणी उत्पादन.

बॅटरी पॅकला यूएन ३८.३ (लिथियम बॅटरीच्या वाहतुकीची सुरक्षा चाचणी) लागतं, नाहीतर माल विमानात चढत नाही. पॅक ठरल्यावर त्याला महिना-दीड महिना धरा. मध्येच सेल किंवा संरक्षण सर्किट बदललंत तर पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून:

टीझर – ईव्हीटीनंतर चालेल, पण तारीख नाही, किंमत नाही.
घोषणा – डीव्हीटी पास झाल्यावर. महिना नको, तिमाही सांगा.
प्री-ऑर्डर – पीव्हीटीचा पहिला लॉट लाइनवरून उतरून त्याचं यील्ड (किती नग निर्दोष निघाले ते) कळल्यावर.

हा क्रम उलटा केला की बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

अर्धाव्होल्ट

साचेकारांशी बहुतांशी सहमत, पण गप्प बसणं फुकट असतं असा समज होतोय, तो बरोबर नाही.

सेगा सॅटर्न हे गेमचं यंत्र अमेरिकेत २ सप्टेंबर १९९५ ला येणार म्हणून जाहीर होतं. कंपनीने ११ मे १९९५ ला गेमच्या प्रदर्शनात अचानक सांगितलं की आजपासूनच मिळतोय, ३९९ डॉलर. माल मोजक्याच दुकानसाखळ्यांना दिला, बाकीचे दुकानदार बिथरले, एका मोठ्या साखळीने तर तो ठेवायलाच नकार दिला. गेम बनवणारे सप्टेंबरच्या हिशोबाने काम करत होते, त्यामुळे यंत्र आलं आणि खेळायला फारसं काही नाही. त्याच प्रदर्शनात सोनीने प्लेस्टेशनचा आकडा सांगितला: २९९. ज्या वस्तूला दुसऱ्यांची साथ लागते (ॲप, गेम, केस, दुकान), तिच्या बाबतीत गुप्तता महागात पडते. तुमच्या वहीला पीडीएफ आणि हस्ताक्षर ओळखणाऱ्या ॲपवाल्यांची साथ लागणार असेल तर त्यांना एनडीए (गुप्ततेचा करार) करून एसडीके (ॲप बनवायची साधनं) आत्ताच द्या. ही हवा नाही, तयारी आहे.

दुसरं, किती माल काढायचा हे कळायला मागणीचा काहीतरी अंदाज हवाच. ई-इंक पॅनेल मनात आलं की मिळत नाही. ऑर्डर काही महिने आधी, किमान संख्येची, आणि ती रद्द होत नाही.

मात्र मागणी जास्त झाली तरी त्रास असतो. पेबल या स्मार्ट घड्याळाने एप्रिल २०१२ मध्ये किकस्टार्टरवर (लोकवर्गणीच्या साइटवर) एक लाख डॉलर मागितले, जमले एक कोटीहून जास्त, सुमारे ६९ हजार लोकांकडून. डिलिव्हरी सप्टेंबर २०१२ ची कबूल केली होती, पहिली घड्याळं निघाली जानेवारी २०१३ मध्ये. हजारभर नगांना चालणारी जोडणीची पद्धत आणि हजारो नगांची पद्धत यात साचे, टेस्ट जिग, पार्ट पुरवठादार सगळंच बदलतं. त्यामुळे प्री-ऑर्डरला लॉट पाडा. पहिल्या लॉटची संख्या पॅनेलच्या ऑर्डरइतकी ठेवा. ती संपली की पान आपोआप 'लॉट २, पुढची तिमाही' दाखवू लागलं पाहिजे.

आणि व्हिडिओत फसवाफसवी नको. मॅजिक लीप या समोरच्या दृश्यात आभासी चित्रं मिसळणाऱ्या हेडसेटच्या कंपनीचा २०१५ चा, व्यायामशाळेतल्या देवमाशाचा व्हिडिओ आठवा. हेडसेट आला ऑगस्ट २०१८ मध्ये, आणि चष्म्यातून दिसणारी चौकट त्या व्हिडिओच्या मानाने अगदीच लहान. ई-इंकवर संगणकाने चित्र चिकटवलं तर जाणकार पहिल्या सेकंदात ओळखतात, कारण त्यात घोस्टिंग (आधीच्या पानाची पुसट छाया) दिसत नाही. पडदा थेट शूट करा, वेग वाढवू नका, पान उलटताना येणारी काळी चमकही राहू द्या.

टाकदौत

दोघांनाही धन्यवाद. 'आकडा मोजून' म्हणजे नक्की काय? मार्केटिंगला 'कागदासारखं लिहा' आणि 'तीन आठवडे बॅटरी' असं लिहायचंय. आणि एक सांगायचं राहिलं, आधीचं छोटं मॉडेल अजून बाजारात आहे.

साचेकार

'कागदासारखं' लिहू द्या, तो आकडा नाही. पण शेजारी लेटन्सी (पेन फिरल्यावर शाई उमटायला लागणारा वेळ) द्यायची असेल तर मोजून द्या. फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन लावा, पट्टीच्या कडेने एकसारख्या वेगाने रेघ ओढा. पेनचं टोक एका खुणेवरून गेलं, आणि शाई त्याच खुणेपर्यंत किती फ्रेमनंतर पोचली ते मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.२ मिलिसेकंद. पाच फ्रेम आल्या तर साधारण २१. वीस-पंचवीस रेघा घ्या, आणि सरासरीऐवजी सगळ्यात वाईट आकड्याच्या जवळचा छापा. थंडीत पुन्हा मोजा, ई-इंकमधले कण गारठ्यात सावकाश सरकतात. खोलीच्या तापमानाचा आकडा छापलात की थंड प्रदेशातला समीक्षक तोच खोडून काढेल.

बॅटरीचे 'तीन आठवडे' अटींसकट लिहा: रोज किती मिनिटं लेखन, फ्रंटलाइट कितीवर, वायफाय चालू की बंद. फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर) विक्रीचंच हवं. डीबग लॉग (चुका शोधायची नोंद) चालू असलेल्या बिल्डवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आवृत्तीवर, आकडा कमी येतो आणि सिंक न केलेल्या बिल्डवर जास्त. दुसरी चूक जास्त वेळा होते, कारण ती कुणालाच खटकत नाही.

परतपावती

जुन्या मॉडेलचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि तुम्ही तो शेवटी सांगताय!

लोक इथे ऑसबॉर्न कंपनीचं नाव घेतात. १९८३ मध्ये पुढच्या संगणकाची वाच्यता आधी केली, जुन्याची विक्री थांबली, कंपनी बुडाली. पण तिच्या बुडण्याला केप्रो आणि आयबीएम पीसीची स्पर्धाही कारणीभूत होती, सगळं खापर घोषणेवर फोडता येत नाही. त्यापेक्षा नोकिया बघा. ११ फेब्रुवारी २०११ ला विंडोज फोनवर जाणार असं जाहीर केलं, विंडोजवरचा पहिला फोन, लुमिया, दुकानात आला नोव्हेंबरात. मधले नऊ महिने सिंबियनचे (नोकियाच्या जुन्या प्रणालीचे) फोन विकायचे होते, ज्यांना भविष्य नाही असं कंपनीनेच सांगून टाकलं होतं. विक्री गडगडली.

तुमच्यासाठी: घोषणेच्या आधी दुकानदारांकडे जुना माल किती आठवड्यांचा आहे ते काढा. चारपेक्षा जास्त असेल तर घोषणा पुढे ढकला, किंवा किंमत घोषणेच्या आधीच उतरवून माल संपवा. घोषणेनंतर उतरवली तर कालच घेतलेले लोक भांडायला येतात. नव्या फर्मवेअरमधलं जे जुन्यावर चालेल ते जुन्याला द्या, आणि हे घोषणेतच लिहा.

पैशांचं. टोकन घ्या, परत मिळणारं, पण नाममात्र नको. नुसता ईमेल म्हणजे कुतूहल, त्यावर पॅनेलची ऑर्डर देऊ नये. पूर्ण पैसे घेतलेत आणि उशीर झाला तर कार्डाच्या चार्जबॅकला (गिऱ्हाइकाने बँकेकरवी पैसे परत खेचण्याला) सामोरं जावं लागतं. त्याची मुदत बहुधा कबूल केलेल्या डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजतात, पैसे दिल्याच्या तारखेपासून नाही. पेमेंट गेटवेसुद्धा प्री-ऑर्डरच्या रकमेचा काही भाग अडकवून ठेवतं. म्हणजे जे पैसे साच्यांना वापरू असं फायनान्सला वाटतंय ते हातात नसतात. उरलेली रक्कम पार्सल निघताना घ्या.

समीक्षकांना वस्तू विक्रीच्या दोन आठवडे आधी द्या. सॅमसंगच्या घडीच्या फोनची, गॅलॅक्सी फोल्डची, विक्री २६ एप्रिल २०१९ ला ठरली होती. समीक्षकांच्या हातात काही दिवसांतच पडदे गेले. काहींनी वरचा थर स्क्रीन प्रोटेक्टर समजून सोलला, काहींच्या बिजागरीत कचरा शिरला. विक्री सप्टेंबरवर गेली, थराच्या कडा फ्रेमखाली दडवल्या, बिजागरीला टोप्या बसवल्या. नाचक्की झाली, पण हजारो गिऱ्हाइकांच्या हातात तुटण्यापेक्षा बरं. ह्युमेन एआय पिनच्या (कपड्याला लावायच्या, तळहातावर अक्षरं पाडणाऱ्या यंत्राच्या) वेळी एप्रिल २०२४ मध्ये परीक्षणं आली ती माल रवाना होत असतानाच. फोनच्या पुढचं काहीतरी म्हणून हवा केली होती, म्हणून सगळ्यांनी तो फोनच्या मापाने मोजला. गरम होतो, हातावरची अक्षरं उन्हात दिसत नाहीत, वर महिन्याला २४ डॉलर. फेब्रुवारी २०२५ मध्ये मालमत्ता एचपीने घेतली आणि पिन बंद पडले.

अँटेना_बाबा

सगळ्यांनी राहू दिलेलं एक. पेटंटचा अर्ज टीझरच्या आधी दाखल झाला पाहिजे. युरोपात स्वतःच केलेला जाहीर खुलासाही नावीन्य संपवतो. अमेरिकेत एक वर्षाची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर बाकीचे देश गमवाल. पेनचं टोक क्लोजअपमध्ये दाखवणारा पंधरा सेकंदांचा व्हिडिओही खुलासा ठरू शकतो.

अमेरिकेत विकणार असाल तर एफसीसीची (तिथल्या रेडिओ-उपकरणांच्या नियामकाची) मंजुरी येईपर्यंत गिऱ्हाइकाला माल देता येत नाही. प्री-ऑर्डर घेता येते, पण डिलिव्हरी मंजुरीवर अवलंबून आहे हे ठळक लिहावं लागतं. अर्जासोबत फोटो आणि मॅन्युअल जातात, ते मंजुरीनंतर जाहीर होतात. म्हणून अल्पकालीन गोपनीयता अर्जातच मागा, १८० दिवसांपर्यंत मिळते.

वायफायसाठी आधीच मंजुरी मिळालेलं मॉड्यूल घेतलंत तर बराच वेळ वाचतो, पण अँटेना त्याच्या कागदपत्रात दिलेल्या प्रकारचाच हवा. आणि मार्केटिंगने घोषणेत 'धातूची पाठ' लिहिण्याआधी अँटेना कुठे बसतोय ते आरएफवाल्यांना, म्हणजे रेडिओच्या इंजिनिअरांना विचारा. ईव्हीटीचे नमुने प्लास्टिकच्या पाठीचे असतील तर त्यांची रेंज धातूच्या पाठीला लागू नाही, सगळं नव्याने मोजावं लागेल.